मुदत नसलेला करार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे उभे आयुष्य ऊस, सोसायटी आणि साखर कारखाना यांत गेले. त्यामुळे ‘मुक्त व्यापार करार आणि लहान देश’ या विषयावर बोला असा निरोप आला, तेव्हा साखरेच्या वाटेनेच जायचे हे आपोआप ठरले. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी तरी ऊस असणार. उतारा, गाळप, मळी, चिपाड हे मला इथे समजावून सांगावे लागत नाही, ही माझी मोठीच सोय आहे.

व्यापार करारांवरची भाषणे बहुधा दोन सुरांत होतात. एक सूर म्हणतो, दारे उघडा, भरभराट आलीच समजा. दुसरा म्हणतो, दारे उघडलीत की घर धुऊन नेले जाईल. हे दोन्ही सूर मोठ्या देशांतल्या लोकांनी लावलेले आहेत. लहान देशाला दार बंद करून बसणे परवडतच नाही. तांदूळ, डिझेल, औषधे, शिवणयंत्राची सुईसुद्धा बाहेरून आणायची असते. त्याची विवंचना वेगळी असते. आपला माल दुसऱ्याच्या दारातून आत जाईल का, किती वर्षे जाईल, आणि ते ठरवणार कोण?

आज मी मॉरिशसची हकीकत सांगणार आहे. गोव्याच्या साधारण निम्म्या आकाराचा हा देश. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर तिथे उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांत कोकणातून मुंबई बंदरात येऊन जहाजात चढलेली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही गणपती समुद्रात विसर्जित करतात आणि गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. आपले नाते एवढ्यावरच संपत नाही. त्याचा एक धागा दलाल स्ट्रीटपर्यंत येतो, पण त्याकडे नंतर वळू.

१९६१ साली जेम्स मीड नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने या बेटाचा अभ्यास करून अहवाल दिला. पुढे १९७७ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, म्हणजे माणूस ऐरागैरा नव्हता. त्यांचे निदान काळजी वाटावी असे होते. लोकसंख्या भराभर वाढते आहे, जमीन संपली आहे, निर्यातीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकट्या साखरेचा आहे, वारंवार चक्रीवादळे आहेत आणि समाज अनेक वंशांत व धर्मांत विभागलेला आहे. इथे शांततेने विकास होईल अशी आशा त्यांना फारशी वाटली नाही. ते निदान चुकले. ते का चुकले, यावर अर्थशास्त्रात आजही वाद चालू आहे. २००१ साली अरविंद सुब्रमण्यम आणि देवेश रॉय यांनी नाणेनिधीसाठी लिहिलेल्या एका निबंधाच्या शीर्षकातच हा प्रश्न आहे की, मॉरिशसच्या चमत्काराचा उलगडा नेमका कोणत्या अर्थशास्त्रज्ञाला करता येतो? माझ्या मते त्या चमत्काराचा बराचसा उलगडा १९७५च्या एका सहीत आहे.

१९७४ साली जगात साखरेची टंचाई झाली. न्यू यॉर्कच्या बाजारात भाव पौंडाला ६० सेंटांच्या वर गेला. त्याच वेळी युरोपीय आर्थिक समुदाय आणि आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिकमधले ४६ देश यांच्यात वाटाघाटी चालू होत्या. ब्रिटन नुकताच युरोपीय समुदायात शिरला होता आणि त्याच्या जुन्या वसाहतींच्या साखरेचे काय करायचे हा पेच होता. युरोपने देऊ केले ते असे: ठरावीक टन साखर आम्ही दरवर्षी घेऊ, आयात शुल्काशिवाय घेऊ, आणि हमी भावाने घेऊ. मात्र तेवढी साखर तुम्ही द्यायलाच हवी. वादळ वगैरे अस्मानी कारण नसताना कमी दिलीत, तर तुमचा कोटा कापू.

आता तुम्ही कारखान्याचे संचालक आहात असे समजा. बाहेर खुल्या बाजारात साखरेला सोन्याचा भाव आला आहे आणि एक गिऱ्हाईक म्हणते आहे, पुढची कित्येक वर्षे माझ्याकडेच अमुक टन घाला, भाव आजच्या बाजारापेक्षा कमी, पण कायमचा. किती संचालक सही करतील? शेतकऱ्यांसमोर ती सही घेऊन कोण उभा राहील? मॉरिशसने सही केली, आणि तीही हात आखडून नव्हे. एकूण सुमारे १३ लाख टनांपैकी जवळपास पाच लाख टनांचा, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून मोठा कोटा या एका बेटाने उचलला. एवढा दुसऱ्या कोणीच घेतला नाही. २८ फेब्रुवारी १९७५ रोजी टोगोच्या लोमे या राजधानीत करार झाला, आणि साखरेचा करारनामा त्यालाच जोडलेला होता. त्याच महिन्यात जर्व्हेज नावाच्या चक्रीवादळाने मॉरिशसचा ऊस झोपवला होता. तीन-चार वर्षांत खुल्या बाजारातला भाव पौंडाला आठ-दहा सेंटांवर उतरला आणि मॉरिशसची साखर मात्र युरोपच्या हमी भावाने जात राहिली. पुढच्या तीस वर्षांत तो भाव अनेकदा जागतिक भावाच्या दुप्पट-तिप्पट होता. जाता जाता सांगतो, याच व्यवस्थेत भारतालाही एक छोटा कोटा होता, दहा हजार टनांचा. तेवढी साखर एखादा मध्यम कारखाना काही आठवड्यांत पोत्यांत भरेल. भारताला तो कोटा असला काय आणि नसला काय, सारखेच होते. मॉरिशसचा देश त्यावर उभा राहिला.

या कराराला मुक्त व्यापार करार म्हणायचे का? काटेकोरपणे नाही. हमी भाव, ठरलेले टन, ठरलेला विक्रेता. यात मुक्त काय आहे? पण लहान देशांना व्यापार करारांतून आजवर जे मिळाले आहे, त्यातला मोठा हिस्सा अशाच प्रकारचा आहे. जगातल्या इतरांना जे शुल्क पडते ते आपल्याला पडत नाही, या फरकावर त्यांची कमाई असते. इतरांचेही शुल्क उतरले की आपली कमाई आटते, आपण काहीही चूक केलेली नसताना. म्हणून अशा सवलतीकडे उत्पन्न म्हणून बघू नये. ती ठरावीक काळासाठी मिळालेली रक्कम असते. त्या काळात तिचे काय केले, यावर सगळा हिशेब ठरतो.

मॉरिशसने काय केले ते जरा सावकाश बघण्यासारखे आहे. तिथे साखर विकण्याचे काम १९१९ पासून एकच संस्था करते, मॉरिशस शुगर सिंडिकेट. मळा फ्रेंच वंशाच्या जमीनदाराचा असो की दोन बिघ्यांच्या शेतकऱ्याचा, टनाला भाव एकच. आणि ऊस कारखान्याला विकला जात नाही. उसातून जी साखर निघेल तिच्यातली ७८ टक्के ऊसवाल्याची आणि २२ टक्के कारखान्याची, अशी वाटणी. आपल्याकडे एफआरपीवरून, म्हणजे उसाच्या कायदेशीर किमान दरावरून, दर हंगामाला जी आंदोलने होतात त्यांच्या पार्श्वभूमीवर हे ऐकून इथल्या काहींनी मान डोलावलेली मला दिसते आहे. थोडे थांबा. ७८ टक्क्यांची दुसरी बाजू पुढे येते आहे.

युरोपचा जास्तीचा पैसा आधी मोठ्या मळेवाल्यांच्या हातात गेला, हे खरे. पण सरकारने साखरेच्या निर्यातीवर कर बसवला होता, मोठ्यांवर जास्त आणि लहानांना सूट. तो कर १९९४ मध्ये रद्द झाला, तोवर त्याने सरकारी तिजोरीला चांगला हात दिला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. दवाखाने मोफत होतेच. उरलेला नफा मळेवाल्यांनी नुसता परदेशी बँकांत ठेवला नाही, तर एका नव्या धंद्यात घातला. तो धंदा कपड्यांचा.

१९७० साली मॉरिशसने निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा केला. कच्चा माल शुल्काशिवाय आणा, इथे वस्तू करा, बाहेर पाठवा. अशा कायद्यांनी अनेक देशांत कुंपण घातलेल्या रिकाम्या शेडच उभ्या राहिल्या. मॉरिशसला दोन गोष्टींनी तारले, आणि दोन्ही करारांतूनच आल्या. १९७४ पासून श्रीमंत देशांनी बहुतंतू कराराखाली कापडचोपडाच्या आयातीवर देशवार कोटे लावले. हाँगकाँगच्या कारखानदारांचे कोटे भरले, मग ते ज्यांचे कोटे रिकामे आहेत असे देश शोधत निघाले. त्यातच लोमे करारामुळे मॉरिशसचा कपडा युरोपात शुल्काशिवाय आणि कोट्याशिवाय जाणार होता. हाँगकाँगची यंत्रे, साखरेच्या मळेवाल्यांचे भांडवल आणि मॉरिशसच्या बायांचे हात असा तो संगम होता.

इथे एक टी-शर्ट हातात घेऊन बघू, कारण करारांचे खरे वळण शीर्षकाच्या पानावर सापडत नाही, ते परिशिष्टात असते. समजा, मॉरिशसमध्ये शिवलेला सुती टी-शर्ट फ्रान्सच्या बंदरात उतरला. शुल्काची माफी मिळायला त्याच्याबरोबर ‘ईयूआर-१’ नावाचा दाखला लागे, राजधानी पोर्ट लुईच्या कस्टम्सने शिक्का मारलेला. तो मिळवायला हा कपडा मॉरिशसचाच आहे हे सिद्ध करावे लागे. नुसते शिवून भागत नसे. चीनमधून तयार कापड आणून मॉरिशसमध्ये कापले आणि शिवले, तर युरोपच्या लेखी तो टी-शर्ट मॉरिशसचा नव्हे. सूत बाहेरून आणलेले चालेल, पण त्या सुताचे कापड मॉरिशसमध्ये किंवा करारातल्याच देशांत विणलेले हवे. या एका अटीने मॉरिशसमध्ये होजियरी आणि लोकरी स्वेटरचा धंदा फोफावला, कारण विणकामाची यंत्रे माफक भांडवलात बसतात. शर्टिंगच्या मोठ्या गिरण्या त्या मानाने थोड्याच निघाल्या. टुना माशाचेही तेच. डबा पोर्ट लुईत भरला तरी मासा कोणत्या देशाच्या बोटीने पकडला, यावर त्या डब्याचे राष्ट्रीयत्व ठरते. देशात कोणता धंदा वाढेल, हे ब्रसेल्समध्ये बसून कुणीतरी लिहिलेल्या एका ओळीने ठरते. मॉरिशसचे अर्थमंत्री नियोजनाची भाषणे करत, पण त्या ओळीपुढे नियोजनाचे काही चालत नसे.

हा धंदा वाढला मात्र झपाट्याने. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वीस टक्क्यांच्या घरात असलेली बेकारी त्या दशकाच्या शेवटी जवळजवळ नाहीशी झाली. नव्वदच्या दशकाअखेर या क्षेत्रात नव्वद हजारांच्या आसपास लोक काम करत होते, आणि त्यांत बहुसंख्य बाया. ज्यांच्या आया उसाच्या फडात खुरपत होत्या त्या मुली शिवणयंत्रावर बसल्या. घरात पहिल्यांदाच बाईच्या नावाचे पगाराचे पाकीट आले आणि घराघरांतला तोल बदलला. हे चित्र गोंडस करून सांगण्यात अर्थ नाही. या क्षेत्रासाठी कामगार कायदे मुद्दाम सैल ठेवले होते, जादा वेळ काम सक्तीचे करता येई, आणि बाईला पुरुषापेक्षा कमी पगार देणे सुरुवातीला चक्क कायदेशीर होते. मॉरिशसचा चमत्कार म्हणून जे सांगितले जाते त्यातली बरीच रक्कम या फरकातून आली आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला स्पर्धात्मक श्रमखर्च असे सभ्य नाव आहे.

आता दुसरी बाजू. बहुतंतू कराराचे कोटे दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायचे, हे १९९४ मध्येच ठरले होते. १ जानेवारी २००५ रोजी ते संपले. चीनला आता मॉरिशसची मध्यस्थी लागत नव्हती. तो थेट विकू शकत होता. हाँगकाँगचे कारखानदार यंत्रे उचलून गेले. काही स्थानिक कंपन्यांनी स्वस्त मजुरीसाठी मादागास्करला काम हलवले. त्या नव्वद हजारांपैकी वीस हजारांहून अधिक नोकऱ्या काही वर्षांतच गेल्या. चाळिशीच्या, प्राथमिक शाळा शिकलेल्या, पंधरा-वीस वर्षे एकच शिवण मारत आलेल्या बाईला हॉटेलात किंवा कॉल सेंटरमध्ये जा म्हणणे सोपे असते. तिला तिथे घेणारे कोणी नसते. आणि गंमत अशी की जे कारखाने टिकले त्यांत आज बांगलादेश, भारत, नेपाळ आणि मादागास्करहून आणलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. बेकार झालेल्या जुन्या बाया आणि परदेशातून आणलेले नवे मजूर एकाच गावात.

त्याच सुमाराला साखरही गेली, आणि ती कशी गेली ते ऐकण्यासारखे आहे. युरोप स्वतःच साखरेचा मोठा उत्पादक. तिथे बीटची साखर होते. मॉरिशस वगैरेंकडून हमी भावाने घेतलेल्या साखरेइतकीच साखर युरोप अनुदान देऊन जगाच्या बाजारात परत ओतत असे. यावर ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला. २००५ मध्ये अपिलातही युरोप हरला. दावा युरोपविरुद्ध होता. मॉरिशस त्यात त्रयस्थ पक्ष म्हणून कोपऱ्यात बसला होता. तीन बड्या ऊसवाल्या देशांनी एका बड्या बीटवाल्या गटाला खटल्यात हरवले आणि दंड भरला तो बेटांनी.

युरोपने साखरेचा हमी भाव ३६ टक्क्यांनी कापला. कच्च्या साखरेला टनाला ५२३.७ युरो मिळत होते, ते टप्प्याटप्प्याने २००९ पर्यंत ३३५.२ युरोवर आले. १९७५च्या साखर करारनाम्यात मुदत लिहिलेली नव्हती. तो अनिश्चित काळासाठी आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते आणि मॉरिशसचे नेते तीस वर्षे हेच सांगत होते की हा करार संपणारा नाही. २००७ मध्ये युरोपने नोटीस दिली आणि २००९च्या सप्टेंबरअखेर तो संपला. नोटीस देण्याचे कलम करारातच होते. कोणी बेकायदा काही केले नाही.

मघाचे ७८ टक्के आता आठवा. आपल्याकडे साखरेचा भाव पडला तरी एफआरपीचा आकडा कायद्याने उभा असतो. कारखाना थकवतो, मोर्चा निघतो, आयुक्तांकडे सुनावणी होते, पण देणे नाकारता येत नाही. मॉरिशसच्या शेतकऱ्याचा उसाला भाव नाहीच, साखरेत वाटा आहे. युरोपने ३६ टक्के कापले, ते विनामध्यस्थ त्याच्या वाट्यातून कापले गेले. चढत्या काळात ही वाटणी आदर्श दिसत होती. उतरत्या काळात हजारो लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला, कित्येक एकर पडीक राहिले, गुंठे पाडून विकले गेले. १९७३ मध्ये या बेटाने सात लाख टनांच्या वर साखर केली होती. अलीकडे ती अडीच लाख टनांच्या आसपास घुटमळते. या शतकाच्या सुरुवातीला दहाहून अधिक कारखाने धूर ओकत होते. आज तीन उरले आहेत.

तरी हा देश कोसळला नाही, याचे श्रेय त्याला द्यायला हवे. बातमी येण्याआधीच तिथल्या लोकांनी तयारी सुरू केली होती. २००१ पासूनच साखर कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. रोख रकमेबरोबर घरापुरती जमीनही दिली गेली. युरोपने नुकसानभरपाईदाखल मदत दिली, ती कारखाने एकत्र करण्यात आणि चिपाडापासून वीज करण्यात लागली. कच्ची साखर पोत्यात भरून पाठवण्याऐवजी शुद्ध पांढरी साखर, आणि दुसरीकडे डेमेरारा, मस्कोवाडो अशा तपकिरी खास साखरा बनू लागल्या. युरोपच्या दुकानांत त्यांना चांगला भाव मिळतो. पर्यटन आणि वित्तसेवा वाढल्या. जुलै २०२० मध्ये जागतिक बँकेने मॉरिशसला उच्च उत्पन्न गटात नेऊन बसवले. कोविडने पर्यटन बसवल्यावर पुढच्याच वर्षी खालीही उतरवले.

वित्तसेवांवरून दलाल स्ट्रीट आठवला. भारत आणि मॉरिशस यांच्यात १९८२ साली दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. मॉरिशसमधून भारतात गुंतवलेल्या शेअरवरचा भांडवली नफा भारतात करपात्र नव्हता, आणि मॉरिशसमध्ये तर त्यावर कर नव्हताच. १९९१ नंतर जगभरातल्या फंडांनी पोर्ट लुईत कचेऱ्या थाटल्या आणि साडेबारा लाखांचे बेट वर्षानुवर्षे भारतातल्या परकी गुंतवणुकीचा सर्वांत मोठा स्रोत म्हणून आपल्या रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यात झळकले. मे २०१६ मध्ये करारात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवर भारत कर घेऊ लागला. मॉरिशसच्या बाजूने बघा, ही साखरेचीच पुनरावृत्ती आहे. सवलत दुसऱ्याच्या कायद्यात होती आणि दुसऱ्याने काढून घेतली. फरक इतकाच की या वेळी ब्रसेल्सच्या जागी नवी दिल्ली होती. भारताने दुरुस्ती केली ते योग्यच केले, असे माझे मत आहे. करचोरीची वाट उघडी ठेवणे हा बंधुभाव नव्हे. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आता अलीकडच्या, कागदावर खऱ्याखुऱ्या मुक्त व्यापार करारांकडे येऊ. १ जानेवारी २०२१ ला मॉरिशसचा चीनशी करार अमलात आला, आणि १ एप्रिल २०२१ ला भारताशी. दोन्ही देशांचा हा आफ्रिकेतल्या देशाशी झालेला पहिलाच करार. भारताला ३१० वस्तूंसाठी सवलत, मॉरिशसला ६१५ वस्तूंसाठी. त्यांत खास साखर, रम, बिअर, कपडे. ऐकायला भरघोस वाटते. पण मॉरिशसला भारतात विकण्याजोगे किती आहे? साखरेच्या देशाला साखर, कपड्याच्या देशाला कपडा. आणि भारताने मॉरिशसला विकलेला सर्वांत मोठा माल म्हणजे पेट्रोल-डिझेल. मंगळूरच्या रिफायनरीतून तो २००७च्या सुमारापासून दहाएक वर्षे जात होता, कोणत्याही मुक्त व्यापार कराराशिवाय. शिवाय मॉरिशसने स्वतःचे आयात शुल्क आधीच जवळजवळ काढून टाकले होते. एकेकाळी सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग जकातीतून येई. तो गेला आणि त्याची जागा मूल्यवर्धित कराने घेतली, आज तो १५ टक्के आहे. बंदरावरचा कर दुकानाच्या बिलावर आला. म्हणजे नव्या करारात देण्यासारखे मॉरिशसच्या हातात फारसे नव्हतेच. या करारात आयातीचा अचानक लोंढा आला तर रोखण्यासाठी आपोआप लागू होणारी एक तरतूद नंतर घालण्यात आली. ती दोन्ही बाजूंना लागू आहे. मॉरिशसचा लोंढा भारताला बुडवील, हे दृश्य डोळ्यांसमोर आणायला मला जरा कष्ट पडतात. भीती खरी तिसऱ्या देशाच्या मालाची असते, लहान देशाचा शिक्का मारून आत येणाऱ्या.

आणि ही भीती निराधारही नाही, हे सांगितले पाहिजे. नेपाळ आणि श्रीलंका यांच्याशी आपण शुल्कमुक्तीचे करार केले आणि दोन्हीकडून भारतात वनस्पती तुपाचे डबे येऊ लागले. पामतेल मलेशिया-इंडोनेशियाचे, प्रक्रिया काठमांडू-कोलंबोकडची, ग्राहक आपण. आपल्याकडच्या वनस्पती उत्पादकांनी ओरड केली. मग २००२ मध्ये नेपाळवर वर्षाला एक लाख टनांची मर्यादा आली, पुढे श्रीलंकेवर अडीच लाख टनांची. आपल्या दृष्टीने पळवाट बंद झाली. तिथे त्या सवलतीवर विसंबून उभे राहिलेले कारखाने बंद पडले. १९७५ नंतर युरोप ज्या खुर्चीत बसला होता, त्या खुर्चीत आज शेजारच्या लहान देशांसमोर आपण बसलो आहोत, आणि आपल्या वृत्तपत्रांत करारांवर लिहिताना आपण मात्र अजून फक्त बळीच्याच भूमिकेत असतो.

जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. मॉरिशस आपल्या अन्नाचा बहुतांश भाग आयात करतो. दोन वर्षांपूर्वीच भारताशी झालेला तो मुक्त व्यापार करार त्याच्या कामी आला नाही. ऑगस्टअखेर वेगळा आदेश काढून भारताने मॉरिशसला १४ हजार टन तांदूळ दिला. दिला, हे चांगले केले. पण तो दिल्लीच्या मर्जीने मिळाला, हक्काने मिळाला नाही. साठ वर्षांत मॉरिशसची गाडी लंडन, ब्रसेल्स आणि दिल्ली अशा वेगवेगळ्या मर्जींवर चालली आहे. त्यात २०२५ मध्ये वॉशिंग्टनची भर पडली. एप्रिलमध्ये अमेरिकेने मॉरिशसच्या मालावर ४० टक्के शुल्क जाहीर केले, मग ते १५ टक्क्यांवर आणले. अमेरिकेत शुल्काशिवाय कपडा पाठवण्याची २००० सालची सवलत तोवर त्याच्या हाती होती.

तेव्हा लहान देशाला मुक्त व्यापार कराराचा फायदा होतो का, या प्रश्नाचे माझे उत्तर होय असे आहे, पण फायदा कराराने होत नाही. करार वेळ देतो. मॉरिशसने त्या वेळात साखरेवर कर लावला, शाळा काढल्या, कारखाने उभे केले, म्हणून तो आज उभा आहे. तीच सवलत मिळालेले, त्याच साखर करारनाम्यातले इतर अनेक देश त्याच्यासारखे वर आले नाहीत. पण त्या बदलाची किंमत कोणी मोजली याचा हिशेब मॉरिशसनेही नीट केलेला नाही. ती शिवणयंत्रावरच्या बायांनी आणि दोन-तीन बिघे ऊस असलेल्यांनी मोजली.

शेवटी एक विनंती. भारताने केलेले व्यापार करार वाणिज्य मंत्रालय संकेतस्थळावर पूर्ण मजकुरासह ठेवते. इथल्या महाविद्यालयांतले अर्थशास्त्राचे शिक्षक, कारखान्यांचे संचालक आणि कृषी पत्रकार यांनी ते वाचावेत, सुरुवात प्रस्तावनेपासून न करता उगम नियमांच्या परिशिष्टापासून आणि करार संपवण्याच्या कलमापासून करावी. किती महिन्यांच्या नोटिशीने तो मोडता येतो, हे आधी बघावे. पुढच्या वर्षी या व्यासपीठावर त्यांच्यापैकी कुणीतरी त्यावर बोलावे.